चिमी चिचुंद्रीचं दार

एक होतं अंगण. अंगणाला होती भिंत. भिंतीखाली होतं बीळ. बिळात राहायची चिमी चिचुंद्री आणि तिची पिल्लं.

चिमी एवढीशी. नाक लांब. डोळे बारीक. आणि अंगाला वास. कसला वास? चिचुंद्रीचा वास! एकदा घेतला की कुणी दुसऱ्यांदा मागत नाही.

म्हणून चिमी सगळ्यांपासून लांब राहायची. भिंतीच्या कडेकडेने जायची. तुरुतुरु, तुरुतुरु. कुणाशी बोलायचं झालं तर लांबूनच बोलायची.

एका सकाळी चिमी पिल्लांना म्हणाली, "आत बसा. मी किडा आणते."

गेली. किडा पकडला. परत आली. बघते तर काय?

दार नाही!

दारावर एक जाड फळी. फळीवर गाडीचं चाक. आणि आतून आवाज, "चुंच! चुंच! आई, भूक!"

झालं होतं असं. ते घर होतं गोदूआत्याचं. आत्याची एक निळी गाडी होती. वर्षातून एकदा आत्या गाडीचं तेल घरीच बदलायची. गाडी फळ्यांवर चढवायची. खाली शिरायची. खालचा बोल्ट काढायची. काळं जुनं तेल घमेल्यात पडायचं. टप, टप, टप. मग बोल्ट परत लावायची. आज इथवर झालं होतं. पुढचं अडलं होतं.

चिमीने किडा भिंतीशी ठेवला. ती गेली फळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"फळीबाई, फळीबाई, सरकता का?
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

फळी म्हणाली, "मी कशी सरकू, बाई? माझ्यावर चाक. आधी चाक उतरू दे."

चिमी गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"चाकदादा, चाकदादा, उतरता का?
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

चाक म्हणालं, "मी कसा उतरू, बाई? मला फिरवतं इंजिन. आधी इंजिन घुरघुरू दे."

चिमी गेली इंजिनाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"इंजिनराव, इंजिनराव, घुरघुरता का?
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

इंजिन म्हणालं, "मी कसा घुरघुरू, बाई? पोटात तेल नाही. कोरडा घुरघुरलो तर आतल्या आत घासून मरेन. आधी तेल येऊ दे."

खरं होतं त्याचं. उपाशीपोटी कोण काम करतो?

नवं तेल डब्यात होतं. डबा ओट्यावर होता. पिवळंधमक, स्वच्छ तेल. नवा माल! थोडी मिजास असायचीच.

चिमी गेली तेलाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"तेलशेठ, तेलशेठ, येता का?
इंजिन घुरघुरेना,
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

तेल म्हणालं, "मी कसा येऊ, बाई? मी हा असा नवाकोरा. आणि जुन्या फिल्टरात वर्षाची घाण. छे, छे! आधी नवा फिल्टर बसू दे."

फिल्टर म्हणजे काय? तेलाची गाळणी. चहाची असते ना, तशीच. पण ही असते बंद डब्यासारखी. तेल त्यातून फिरतं, घाण त्यात राहते.

नवा फिल्टर खोक्यात बसला होता. चिमी गेली नव्या फिल्टरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"नवेसाहेब, नवेसाहेब, बसता का?
तेल येईना,
इंजिन घुरघुरेना,
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

नवा फिल्टर म्हणाला, "मी कसा बसू, बाई? माझ्या जागेवर जुना बसलाय. आधी जुना उठू दे."

जुना फिल्टर गाडीखाली होता. काळा, तेलकट, गप्प. चिमी गेली जुन्या फिल्टरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"जुनेआजोबा, जुनेआजोबा, उठता का?
नवा बसेना,
तेल येईना,
इंजिन घुरघुरेना,
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

जुना म्हणाला, "मी कसा उठू, बाई? गेल्या वर्षी अंतूदादाने मला पाना लावून आवळलं. लावली सगळी ताकद! तेव्हापासून मी इथे घट्ट. आधी आत्याला मला पिळू दे."

अंतूदादा म्हणजे आत्याचा मोठा भाऊ. फिल्टर हाताने लावायचा असतो, हे त्याला पटलं नव्हतं. आमच्या किराणा दुकानातही एकदा एका गड्याने चिंचेच्या बरणीचं झाकण असंच लावलं. ताकद दाखवली. पुढे झाकण निघेना. बरणी फोडली, तेव्हा चिंच मिळाली. असो.

आत्या गाडीखाली आडवी होती. फिल्टरला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून पिळत होती. सट्! ट्यूब सटकली. सट्! पुन्हा सटकली.

ओट्यावर अंतूदादा बसला होता. हातात चहा.

"गोदे, जोर लाव!"

"जोर तू गेल्या वर्षीच लावलास, दादा. म्हणून तर आज मी खाली आणि तू चहात."

"अगं, पक्कं असलेलं बरं!"

"पक्कं झालंय. आता तूच ये काढायला."

अंतूदादाने चहाचा मोठा घोट घेतला. सुर्र!

चिमी गेली आत्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"आत्या, आत्या, पिळता का?
जुना उठेना,
नवा बसेना,
तेल येईना,
इंजिन घुरघुरेना,
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

आत्या म्हणाली, "मी कशी पिळू, बाई? हे बघ माझे हात. तेलाने बरबटलेत. ट्यूब सटकते. आधी राख मिळू दे."

राख कशाला? राख चोळली की तेलकटपणा जातो. भांड्याचा जातो, हाताचाही जातो.

अंगणाच्या कोपऱ्यात पाणी तापवायची चूल होती. चुलीपुढे राखेचा ढीग होता. चिमी गेली राखेकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. लांबच उभी राहिली.

"राखमावशी, राखमावशी, मिळता का?
आत्या पिळेना,
जुना उठेना,
नवा बसेना,
तेल येईना,
इंजिन घुरघुरेना,
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

राख म्हणाली, "मी कशी मिळू, बाई? माझ्यावर बोका झोपलाय. आधी बोका हलू दे."

बोका! मोठा, करडा बोका. कोमट राखेत पसरलेला. घुर्र, घुर्र, झोपलेला. आत्याने दोनदा हाकललं होतं. तो कूस बदलून पुन्हा तिथेच.

चिमी गेली बोक्याकडे. तुरुतुरु... तुरुतुरु... फार लांब उभी राहिली.

"बोकोबा, बोकोबा, हलता का?"

बोक्याने एक डोळा उघडला. "कोण ते? काही ऐकू येत नाही. जवळ ये."

ऐकू येत होतं. सगळं येत होतं. शेजारच्या घरात दुधाचं झाकण वाजलं तरी त्याला ऐकू यायचं. पण त्याने मनात म्हटलं, आयता घास आहे. जवळ आलेला बरा.

चिमी थोडी जवळ गेली. "बोकोबा, बोकोबा, हलता का?"

"नाही ऐकू येत. अजून जवळ ये."

चिमीने बोक्याचे दात पाहिले. बोक्याची नखं पाहिली. तिचे पाय थांबले.

तेवढ्यात फळीखालून आवाज आला. बारीक आवाज. "चुंच! आई, भूक!"

चिमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. थेट बोक्याच्या नाकापुढे! आणि मोठ्याने म्हणाली,

"बोकोबा, बोकोबा, हलता का?
राख मिळेना,
आत्या पिळेना,
जुना उठेना,
नवा बसेना,
तेल येईना,
इंजिन घुरघुरेना,
चाक उतरेना,
फळी सरकेना,
दार उघडेना,
पिल्लं माझी आत!"

बोक्याने पंजा उचलला. तोंड उघडलं. आणि खाण्याआधी घेतात तसा वास घेतला. सूंऽऽ!

"फिस्स! शी! शी शी शी! काय हा वास!"

टुणकन उडाला. चुलीवर गेला. चुलीवरून भिंतीवर. भिंतीवरून पेरूच्या झाडावर. वरून ओरडला, "लांब हो! लांब हो!"

चिमी म्हणाली, "मी लांबच होते. तुम्हीच जवळ बोलावलंत."

आता बघा हं.

बोका हलला.

राख मिळाली. आत्याने हाताला चोळली. ट्यूबला चोळली. खसखस, खसखस.

आत्याने पिळलं. ट्यूब सटकली नाही. कर्र... करकर... खट्!

जुना उठला.

आत्याने त्याचं तोंड पाहिलं. मग तो बसला होता त्या जागी बोट फिरवलं. "थांब! जुन्याची रबरी कडी इथेच चिकटून राहिलीय." ती काढली. नाहीतर कडीवर कडी बसून नव्या तेलाची अंगणातच गंगा!

मग नव्या फिल्टरच्या कडीला एक बोट नवं तेल लावलं. गोल, गोल, गोल.

अंतूदादा ओट्यावरून म्हणाला, "पाना देऊ?"

"पाना ठेव खाली. चहा घे तू."

आत्याने नुसत्या हाताने फिरवला. किर्र, किर्र, बस्स.

नवा बसला.

तेल आलं. नरसाळ्यातून आलं. गुडगुड, गुडगुड. इंजिनाने पोटभर प्यायलं. आत्याने लांब पट्टी आत घालून बघितलं. ना कमी, ना जास्त.

इंजिन घुरघुरलं. घुर्रर्र! आत्याने वाकून पाहिलं. एक थेंब गळत नव्हता.

चाक उतरलं. घर्र, घर्र, धप्!

फळी सरकली.

दार उघडलं!

आणि पिल्लं?

आधी एक नाक दिसलं. लांब नाक. मग एक पिल्लू आलं. त्याने आईची शेपटी तोंडात धरली. मग दुसरं आलं. त्याने पहिल्याची शेपटी धरली. तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याने तिसऱ्याची. चिचुंद्रीची पिल्लं अशीच चालतात. एकही सुटत नाही.

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. निघाली साखळी. किड्यापाशी जाऊन थांबली. कुरुम, कुरुम.

आत्या गाडीतून उतरली. तिने बीळ पाहिलं. "अगंबाई! मी तुझ्या दारातच गाडी लावली होय?" तिने फळ्या उचलल्या आणि पार त्या टोकाला, पेरूखाली नेऊन ठेवल्या. पुढच्या वर्षी गाडी तिथे चढणार. काळं तेल तिने डब्यात भरून झाकण लावलं. ते मातीत ओतायचं नसतं. मातीत कुणाकुणाची घरं असतात.

मग तिने भाकरीचा एक मोठा तुकडा भिंतीशी ठेवला. अगदी बिळाजवळ.

अंतूदादाने नाकाला रुमाल लावला. "गोदे, कसला गं हा वास!"

आत्या म्हणाली, "नावं ठेवू नकोस, दादा. तुझ्या ताकदीने जे अडलं, ते ह्या वासाने सुटलं."

अंतूदादाने रुमाल काढून चहाचा घोट घेतला. चहा गार!

बोका झाडावरच होता. नाक पंजात धरून. त्याच्याखालून साखळी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. आज चिमी कडेकडेने नाही गेली. अंगणाच्या मधून गेली.

गाडी गेली रस्त्याने,
चिमी गेली दाराने,
गोष्ट गेली कानात,
आता घास जाऊ दे पोटात!