खुंटीवरचं रेडकू

गोठ्यातली जनावरं एकमेकांशी मन मोकळं करत, त्या काळची ही गोष्ट. रखमाजी गवळ्याने बाजारातून एक गाभण शेळी आणली आणि मोरी म्हशीशेजारी बांधली.

सकाळी रखमाजी एक रेडकू काखेत धरून आला. ते त्याने मोरीपुढे उभं केलं. मोरी त्याला चाटू लागली, तिला पान्हा फुटला आणि चरवी भरली.

“किती शहाणं पोर तुझं, मावशी!” शेळी म्हणाली. “जागचं हलतसुद्धा नाही.”

तेवढ्यात रखमाजीने रेडकू उचललं आणि खुंटीला टांगून दिलं. त्याच्या पोटाची शिवण उसवली होती. आतून पेंढा लोंबत होता.

शेळी मागे सरकली. “मावशी, अगं, हे... हे मेलेलं आहे!”

“ठाऊक आहे मला,” मोरी म्हणाली. “रेडा पुढे काय कामाचा, म्हणून धन्याने त्याच्या वाटचंही दूध काढून घेतलं. भुकेने माझ्या पायाशी गेला तो. मग धन्याने त्याच्या कातडीत पेंढा भरला.”

“ठाऊक आहे, तरी चाटतेस?”

“कातडी तर त्याचीच आहे ना गं.”

दारात रखमाजीची बायको लेकराला पाजत बसली होती. तिने नवऱ्याला विचारलं, “अहो, हिला कधी समजलं तर?”

“जनावराला कुठं काय समजतं!” रखमाजी हसला. मग त्याने शेळीपुढे कोवळा पाला टाकला आणि तिच्या पोटावरून मायेने हात फिरवला. “खा बाई, पोटभर खा.”

शेळीने पाल्याला तोंड लावलं नाही.