मुंगीचे बीळ आणि पाहुण्याचा बूट

देवघराच्या कोपऱ्यात एक बीळ होते. बिळात मुंगीची पिल्ले होती. मुंगी साखरेचा कण आणायला गेली.

तेवढ्यात पाहुणे आले. अच्युतभावजी. बूट पायातच! थाड थाड, थाड थाड. बुटाचा चिखल बिळाच्या तोंडावर पडला. थप्प!

मुंगी परतली. दार बंद! आतून पिल्ले रडत होती. चुई चुई, चुई चुई.

मुंगीने कण खाली ठेवला.

"चिखला, चिखला, सरक. पिल्ले आत कोंडली."

चिखल म्हणाला, "मला बुटाने आणले. बूट जाईल, तर मी सरकेन."

मुंगी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बुटा, बुटा, बाहेर जा. चिखल सरकेना, पिल्ले आत कोंडली."

बूट म्हणाला, "भावजी काढतील, तर मी जाईन."

तुरु तुरु, तुरु तुरु.

"भावजी, भावजी, बूट काढा. बूट जाईना, चिखल सरकेना, पिल्ले आत कोंडली."

भावजी म्हणाले, "अगं, मी काय, आलो तसा निघालो! वहिनी सांगतील, तर काढीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मागून एकदाच आवाज आला. चुई.

"वहिनी, वहिनी, त्यांना सांगा. भावजी काढीनात, बूट जाईना, चिखल सरकेना, पिल्ले आत कोंडली."

इंदूवहिनी कुजबुजल्या, "पाहुण्यांना कसे गं बोलू? समई उजळेल, तर बोलेन."

तुरु... तुरु...

"समई, समई, उजळ. वहिनी बोलेनात, भावजी काढीनात, बूट जाईना, चिखल सरकेना, पिल्ले आत कोंडली."

समई म्हणाली, "देवापुढे चिखल! तो सरकेल, तर उजळेन."

पुन्हा चिखलच! आता कुणाकडे जावे?

मुंगीने बिळाला कान लावला. आवाज नाही.

तिने देवाला हात जोडले. मग ती बुटावर चढली. बुटात शिरली. आणि चावली. कडकडून!

"अयाई गं!"

भावजींनी बूट काढला. बूट अंगणात गेला. धप्प! चिखल सैल झाला. वहिनींनी तो ओल्या फडक्याने पुसला. समई उजळली. वहिनी बोलल्या, "भावजी, दुसराही काढा. इथे देव आहे. इथे लेकरेही आहेत."

भावजींनी मान खाली घातली. दुसरा बूटही काढला.

मुंगी बिळापाशी उभी राहिली. काहीच ऐकू येईना.

मग... चुई. चुई चुई!

कण पिल्लांना मिळाला.

भावजी आताही येतात. उंबऱ्याशी थांबतात. आधी बूट बाहेर. मग पाऊल आत.