मुक्या हॉर्नची गाडी

हमरस्त्यालगतच्या एका गावात सखाहरी नावाचा एक मोटार-मिस्त्री होता. हात असा चपळ, की गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर चहा पिऊन येईपर्यंत गाडी तयार. लोक कौतुक करत, आणि सखाहरीला ते कौतुक जरा जास्तच गोड लागे. एका कामात मात्र तो मुद्दाम सावकाश असे. स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला हात लावायचा झाला, तर तो आधी बॅटरीची तार काढी आणि गप्प बसून राही. तार काढली तरी आत थोडी वीज शिल्लक राहते. ती उतरायच्या आत कुणी वायरींशी खेळलं, तर ती पिशवी बार उडाल्यासारखी फुटते. शहरातल्या मोठ्या गॅरेजात तो हे शिकला होता.

एके दिवशी फुलांनी सजवलेली एक गाडी दारात उभी राहिली. आत नवरदेव, बाहेर त्याचे मामा दाजीबा, मागे वऱ्हाडाने भरलेल्या जीपा. त्या मुलखात नवरदेवाची गाडी वेशीपासून मांडवापर्यंत हॉर्न वाजवत न्यायची रीत होती, आणि गाडीचा हॉर्न तर वाटेतच मुका झाला होता.

"मिस्त्री, मुहूर्त जवळ आलाय. मुक्यानं वेशीत शिरलो तर व्याही जन्मभर हसतील," दाजीबा म्हणाले.

सखाहरीने तपासलं. दोष स्टिअरिंगच्या आत, एअरबॅगच्या मागे होता. त्याने नवरदेवाला खाली उतरवलं, बॅटरीची तार काढली आणि तो स्टुलावर जाऊन बसला.

"आन् बसलायसा काय?"

"दम खावा, मामा. आतली वीज उतरू द्या. चार भाकऱ्या भाजून हुतील एवढाच येळ."

दाजीबांना कुठला दम धरवतोय! ते येरझारा घालू लागले. तेवढ्यात जीपमधून कुणीतरी ओरडलं, "मामा, मिस्त्री म्हातारा झालाय! हात कापत असत्याल त्याचं!" सगळं वऱ्हाड खो खो हसलं.

सखाहरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपलं बरोबर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण ते हसणं त्याला सोसवेना. तो ताडकन उठला. पेचकस घेऊन त्याने एअरबॅग सैल केली, पुढे ओढली आणि मागच्या वायरींच्या जोडात पेचकसाचं टोक घातलं.

धाडकन आवाज झाला. गाडी पांढऱ्या धुळीने भरून गेली. जीपमधली पोरं रडायला लागली. धूळ बसली तेव्हा सखाहरी गाडीबाहेर पडलेला होता आणि त्याचा उजवा हात मनगटापासून भलतीकडेच वळला होता.

नवरदेवानेच त्याला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मुहूर्त टळला. चार भाकऱ्यांएवढा वेळ थांबायला तयार नसलेलं वऱ्हाड दिवेलागणीपर्यंत मांडवात नवरदेवाची वाट बघत बसलं. अखेर लग्न लागलं, हॉर्न न वाजवताच लागलं, आणि कुणीही हसलं नाही.

सखाहरीचं हाड जुळलं, पण वाकडं. मूठ पुरती मिटेना, पाना धरता येईना. काही दिवसांनी दाजीबा त्याला भेटायला आले. तो हात बघून त्यांना भडभडून आलं.

"मिस्त्री, आमच्या घाईपायी तुमचा हात गेला. आमचं चुकलं."

सखाहरीने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "तुमास्नी ठावं नव्हतं, मामा. मला ठावं हुतं."

तात्पर्य: जोखमीच्या कामातला नियम नुसता ठाऊक असून भागत नाही, चार माणसं हसत असतानाही तो पाळता आला पाहिजे.