पेवातलं कोकरू

भाविकहो, प्रभूची प्रीती किती खोल उतरते, ते ख्रिस्ती कीर्तनकार दयारामबाबांच्या या कथेवरून कळतं.

बाबा एका साली देवतळ्याला मुक्कामाला होते. नगरकडच्या काळ्या रानातलं हे लहानसं गाव. ख्रिस्ती वस्तीची पंधरा-वीस घरं, पांढऱ्या मातीनं सारवलेलं देऊळ आणि देवळामागं एक जुनं पेव, म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड एका माणसापुरतं, आत मात्र खोलीएवढा अंधार.

बाबांचं आवडतं आख्यान हरवलेल्या कोकराचं, नव्याण्णव मेंढरं मागं ठेवून त्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचं. वीणा छातीशी धरून, कपाळावर आडवा हात लावून बाबा विचारायचे, "कुठे गं कुठे, माझं कोकरू?" आणि पुढं बसलेली पोरं ओरडायची, "इथे रे इथे, तुझं कोकरू!" सगळ्यांत मोठा आवाज सात वर्षांच्या हन्नाचा. देवळाची झाडलोट करणाऱ्या विधवा मार्थाबाईची ही एकुलती एक लेक. बोलताना हन्नाची जीभ अडखळे, पण गाताना कधी नाही. काय ही प्रभूची लीला!

मुलांना धर्मशिक्षण देणारी रविवारची शब्बाथशाळा एलिया मास्तर घेत. शास्त्र त्यांना तोंडपाठ, आणि त्याचा ताठाही तेवढाच. दर रविवारी प्रत्येक मुलानं एक सुवर्णवचन, म्हणजे पाठ केलेली बायबलातली ओळ, म्हणायचं. चुकलं की मास्तर हजेरीपटातल्या नावावर तांबडी रेघ ओढत. "देव तारलेल्यांची नावं लिहितो, त्या जीवनाच्या पुस्तकाची ही नक्कल समजा," ते म्हणत. "इथं खोडलं की वरही खोडलं!" पोरं बिचारी झोपेत दचकून उठायची.

त्या रविवारी हन्ना उभी राहिली. "प्र... प्रभू मा... मा..." पोरं हसली. घाबरून तिनं 'प्रभू माझा मेंढपाळ आहे' हे वचन बाबांच्या चालीवर गायला सुरुवात केली.

"बंद कर! तमाशाचा फड आहे का हा?" मास्तर गरजले. "आईला झाडू तरी धरता येतो, लेकीला एक वचन धरता येईना!"

दाराशी उभी मार्थाबाई म्हणाली, "मास्तर, लेकरू आहे हो."

"देवाच्या न्यायापुढं लेकरू-बिकरू काही नसतं, बाई." आणि तांबडी रेघ ओढली गेली.

दुपारच्या जेवणाला हन्ना घरी आली नाही. तिची मैत्रीण रिबका रडत रडत म्हणाली, "ती म्हणत होती, नाव खोडलं, आता देव मला धरायला येणार. जिथनं आभाळ दिसत नाही तिथं लपते."

सगळे आधी विहिरीकडं धावले. गळ पाण्यात सोडला. तो वर येताना दर खेपेला मार्थाबाई डोळे गच्च मिटून घ्यायची. दोनदा गाळ आला, एकदा फुटका पोहरा. मास्तर काठावर उभे होते. पुन्हा पुन्हा म्हणत होते, "शिस्त लावली, एवढंच केलं मी."

इतक्यात बाबा शेजारच्या गावाहून आले. हकिकत ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. खांद्यावरची वीणा न उतरवता ते वस्तीतून हाक देत निघाले, "कुठे गं कुठे, माझं कोकरू?" गोठे पाहिले, कडब्याच्या गंजी पाहिल्या. उत्तर नाही. मागून चालणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या.

देवळामागं बाबांनी पुन्हा हाक दिली आणि एकदम थांबले. पायाखालच्या जमिनीतून बारीक आवाज आला, "इथे रे..."

पेवाच्या तोंडावरचा दगड सरकलेला होता!

पेवात उतरण्याआधी दिवा सोडून पाहायची रीत आहे. आत वाईट हवा साठलेली असली तर दिवा विझतो. मग उतरलेला माणूस वर येत नाही. लोकांनी दोरीला दिवा बांधून सोडला. दोन हातांवर विझला. पुन्हा लावून सोडला. पुन्हा विझला. पुढं आलेले गडी मुकाट्यानं मागं सरले.

"हन्ने! ए बाळा!" मार्थाबाईनं टाहो फोडला. आता खालून काहीच येईना.

बाबांनी वीणा तिच्या हातात दिली आणि दोरी स्वतःच्या कमरेला बांधली.

"बाबा, भलतं धाडस करू नका," मास्तर म्हणाले. "एकाचे दोन जीव जातील."

बाबा म्हणाले, "मास्तर, नव्याण्णव वर आहेत. माझा धनी कुठं असेल, सांगा?" मग दिव्याकडं बोट दाखवलं. "पुन्हा लावा. लेकराला अंधाराचं भय वाटत असेल."

दिवा हातात घेऊन बाबा भिंतीतल्या खोबणींवर पाय टेकत उतरले. दोन हात. चार हात. वरून सगळे वाकून पाहत होते. ज्योत फडफडली, पार निळी झाली, आणि... विझली नाही! मग बाबा आतल्या पोटात दिसेनासे झाले. मार्थाबाईनं वीणा छातीशी घट्ट धरली होती. कितीतरी वेळानं दोरीला हिसका बसला.

गड्यांनी दोरी ओढली, बाबा वर आले. एका हातात जळता दिवा, खांद्यावर निपचित हन्ना. आईनं तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली, तेव्हा पोरगी खोकली. डोळे उघडले तर समोर मास्तर! ती आईच्या पदरात शिरली आणि पुटपुटली, "दे... देवाला सांगू नका मी इथं आहे."

बाबा तिच्याजवळ बसले. "अगं वेडे, त्यानंच तर मला इकडं धाडलं. तू लपलीस तेव्हा तो आधीच खाली येऊन बसला होता. नाव खोडायला नव्हे गं, तुला एकटं वाटू नये म्हणून."

मास्तर अजून मनात म्हणत होते, हवा निवळली असेल. त्यांनी तोच जळता दिवा घेतला, स्वतः दोरीला बांधून पेवात सोडला. दोन हातांवर दिवा विझला.

मास्तरांच्या हातून दोरी सुटली. पागोटं काढून ते बाबांच्या पायांवर कोसळले.

बाबा मागं सरले. "माझ्या पायाशी काय आहे, मास्तर? ते लेकरू अजून तुमच्याकडं बघायला भितंय."

मास्तर गुडघ्यांवर मार्थाबाईपुढं आले, मातीला कपाळ टेकलं. जन्मात कधी गायले नव्हते ते. आवाज फाटला, चाल चुकली. "कुठे गं... कुठे, माझं कोकरू?"

पदर हलला. आतून अडखळल्याशिवाय, बारीक सुरात उत्तर आलं, "इथे रे इथे, तुझं कोकरू."

मास्तरांनी बराच वेळ कपाळ वर उचललं नाही. प्रभूच्या मुलांनो, तुम्हाला भय वाटेल तेव्हा असंच उत्तर द्या. हाक मारणारा आधीच जवळ आलेला असतो.