कुलूपबंद घरातला टीव्ही

लंडनच्या दोन टीव्ही चॅनलांचं शनिवार संध्याकाळच्या प्रेक्षकांवरून हाडवैर होतं. नाताळच्या जाहिराती कुणाला द्यायच्या, ते ठरवायच्या बैठकीत एका चॅनलचे प्रमुख हार्डविकसाहेब छाती फुगवून म्हणाले, "टीआरपीचं यंत्र बसवलेल्या एका घरातली म्हातारी वारली. घराला कुलूप आहे. तरी दर शनिवारी आमची मालिका लागायच्या वेळी तिथला टीव्ही आपोआप सुरू होतो. मेलेलेसुद्धा आम्हालाच बघतात!"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. समोरच्या चॅनलची शर्वरी देवस्थळी शांतपणे म्हणाली, "खरंय साहेब. जुने आकडे काढा. जिवंत होत्या तोवर आजी आमचंच चॅनल बघायच्या. तुमचं लावायला त्यांना मरावं लागलं."

जाहिरातदार खो खो हसले आणि जाहिराती शर्वरीला मिळाल्या.

पुढच्या शनिवारी त्या कुलूपबंद घरात कुणीतरी चॅनल बदललं.