खडीवरची तीन पावलं

आमच्या मुलींच्या वसतिगृहामागच्या परसात कबड्डीचं मैदान करायचं ठरलं. मुलींना खेळ शिकवणाऱ्या गुरवबाईंनी टर्फ मागितलं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब घोरपडे हसले. "त्या प्लास्टिकच्या गवतावर पोरी नाजूक होतील. खडी टाका. पाणी साचत नाही अन् पायांना सवय होते." आबासाहेबांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. खडी पडली.

आठव्याच दिवशी चढाई करताना रेवती पडली. संघातली सगळ्यांत चपळ मुलगी ती. गुडघा असा फुटला की डॉक्टर म्हणाले, पुन्हा खेळायचं नाव काढू नकोस. घरचे न्यायला आले, पण मैदान नीट झाल्याशिवाय ती वसतिगृह सोडेना.

उद्घाटन मात्र अजून व्हायचंच होतं. आबासाहेब हार घालून आले. कुबडी टेकून रेषेपाशी उभी असलेली रेवती म्हणाली, "साहेब, मैदानात पायात काही घालून जात नाहीत. आणि नारळ मधल्या रेषेवर फोडायचा."

चारचौघांत रिवाज मोडणार कसा? आबासाहेबांनी बूट-मोजे काढले. तिसऱ्या पावलालाच ते कळवळले, "अरे, सतरंजी तरी अंथरा कुणीतरी!"

रेवती म्हणाली, "साहेब, तुम्हाला इथं नुसतं चालायचंय. आम्हाला इथं पडायचं असतं."

नारळ न फोडताच आबासाहेब परतले.

महिन्याभरात टर्फ आलं. मुलींनी रेवतीला हाताला धरून मधोमध नेलं. त्या मऊ गवतावरून तिनं तळवा फिरवला आणि गुरवबाईंना विचारलं, "बाई, आता मी घरी जाऊ?"