पहिला कण नदीचा

“...आणि नाहीच दिला पहिला कण नदीला, तर काय होईल, बाई?”

कापगते मास्तरनं हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

रायवंताबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. हातातली काठवट हलवायची तिनं थांबवली नाही.

“काई नाई होत.”

“काहीच नाही?”

“नदी का ठाणेदार आहे?”

“मग द्यायचा कशाला?”

“मंग ठेव.”

नको म्हटलं असतं तर मास्तरला भांडता आलं असतं. ठेव म्हटल्यावर काय बोलणार?

रायवंताबाई सोनझऱ्यांच्या घरची. पूर ओसरला की नदीनं काठाला टाकलेली रेती काठवटीत घ्यायची, पाण्यात हलवून हलवून धुवायची आणि तळाशी सोन्याचे कण राहिले तर वेचायचे, हे तिच्या घराण्याचं काम. दिवसभर कंबर मोडली तरी गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढं मिळालं तर मिळालं. वय सत्तरीच्या पुढं. तीन पोरं, तिन्ही हैद्राबादेकडं बांधकामावर. सुनांपैकी एकीनंही काठवटीला हात लावला नाही. लावावा कशाला? पोट भरत नाही त्यानं.

मास्तर गोंदियाला हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेला. रिटायर झाल्यावर कोणी भजनाला जातं, कोणी गळ टाकून बसतं. ह्याला सोनं धुवायचं वेड लागलं. मोबाईलवर पाहून पाहून लागलं. त्यानं हिरव्या प्लॅस्टिकची परात मागवली, लोहचुंबक घेतलं, भिंग घेतलं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले. तीन पावसाळे तो पूर उतरला की येत होता. तीन पावसाळ्यांत त्याला सोनं सोडून सगळं मिळालं. न्यूमोनियासुद्धा.

यंदा परात घरी ठेवून आला आणि बाईला म्हणाला, “शिकवा मला.”

“तुमच्या शाळेत आली असती तर तुमाले ‘जी’ म्हटलं असतं,” बाई म्हणाली. “नदीत तू म्हणीन. चालन?”

“चालेल.”

“आन् पहिला कण नदीचा. तो वापस द्या लागते. चालन?”

तेव्हा तो चालेल म्हणाला होता. तेव्हा कण कुठं होता?

आता गोष्ट वेगळी होती. त्याची मुलगी, चेतना, काल रात्रीपासून दवाखान्यात होती. लग्नाला अकरा वर्षं झालेली. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा गेले. ह्या वेळी भरले. आपल्याकडं बाळ जन्मलं की सहाणेवर सोनं उगाळून मधात चाटवतात. कोणी अंगठी उगाळतं, कोणी गळ्यातला मणी. मास्तरच्या मनानं घेतलं की माझ्या नातवंडाच्या जिभेवर सराफाचं सोनं नको. नदीचं पाहिजे, मी माझ्या हातानं काढलेलं. तसा त्यानं मुलीला शब्द दिला. भीतीनं सहा महिने न हसलेली ती पोरगी तेव्हा हसली होती. म्हणाली होती, “आणाच मग, बाबा.”

त्याला एक कण पुरे होता. एकच.

“पहिला दिल्यावर दुसरा निघेल, याचा काही भरवसा आहे का?” त्यानं विचारलं.

“नाई.”

“असं कधी झालं का, की दुसरा निघालाच नाही?”

“झालं न. एका साली दसऱ्यापर्यंत नाई निघाला.”

“मग काय केलं तुम्ही?”

“धुतलं.”

मास्तरनं मान हलवली. हे काही उत्तर झालं का, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

बाई पाण्यातून वर आली. काठाचं गवत पुरानं आडवं केलं होतं, विंचरलेल्या केसांसारखं एका बाजूला. तिनं त्यातला एक झुबका मुळासकट उपटला आणि मास्तरला दिलेल्या काठवटीत झटकला.

“काठ सोडून मधात कायले उकरून राहिला? पुरानं ज्याले झोपवलं, त्याच्या पायाशी पाह्य. मुळ्या धरून ठेवतात.”

मास्तर धुवायला लागला. पाणी उडालं, रेती उडाली.

“हळू. लेकरू न्हाऊ घालून राहिला का म्हैस?”

तो हळू झाला. वरची जाड रेती गेली, मग बारीक गेली, मग लालसर गेली. दहाच्या सुमाराला तळाशी काळी रेती उरली, नखभर.

बाईनं चार हातांवरूनच मान वळवून पाहिलं.

“आहे,” ती म्हणाली. “एक.”

मास्तर भिंग शोधायला लागला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. जावई होता. चेतनाला आत नेलं आहे, कदाचित पोट कापावं लागेल म्हणतात, तुम्ही इकडं येऊन काही उपयोग नाही, आम्हालाही बाहेरच बसवलं आहे.

फोन ठेवून त्यानं भिंग काढलं.

काळ्या रेतीत पिवळं एक नव्हतं, दोन होती. एक बारीक, खसखशीएवढं, मंद. दुसरं त्याच्या तिप्पट, उन्हात लखलखणारं. बाई एक म्हणाली होती. म्हणजे एक सोनं आणि एक अभ्रकाची कपची. मास्तरला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अभ्रकाचा धडा त्यानं तीस वर्षं सातवीला शिकवला होता.

“दे आता,” बाई म्हणाली आणि तिनं पाठ फिरवली. सोनझऱ्यांत तसाच नियम आहे. देणाऱ्याकडं कोणी पाहायचं नाही.

हा नियम ज्यानं केला, त्यानं रिटायर मास्तर पाहिला नसावा.

मास्तरनं ओलं बोट टेकवलं. लखलखणारा कण तर्जनीवर घेतला, मंद होता तो करंगळीवर. वाकला. करंगळी वाहत्या पाण्यात बुडवली. तर्जनी मुठीत दाबली.

“देल्ला?” बाईनं पाठमोरीच विचारलं.

“दिला.”

“काही म्हटलं का तिले?”

“म्हणायचं असतं का काही?”

“नाई. असंच विचारलं.”

होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली त्यानं जवळ ठेवलीच होती. तर्जनी त्यात झटकली आणि बूच लावलं. मग मुलीच्या फोनवर लिहून पाठवलं. कण मिळाला. ती आत होती, निरोप वाचणार कशी? तरी पाठवलं.

दुपारी दोघं कहूच्या झाडाखाली जेवायला बसले. बाईनं भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण आणलं होतं. तिनं अर्धं त्याच्या डब्याच्या झाकणात वाढलं.

“पोरं म्हणतात, माय, मजुरीसुद्धा नाई सुटत ह्यात, सोड,” बाई म्हणाली.

“मग सोडत का नाही?”

“पूर उतरला का घरी बसवत नाई.” ती हसली. “तुले तरी कुठं बसवते.”

मास्तर हसला नाही. घास त्याच्या तोंडात फिरत राहिला.

“खाय न. पोरीच्या काळजीनं जेवण नाई जात का?”

“हो,” तो म्हणाला. ते खरंही होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

...

तीनला फोन आला. मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप.

फोन मास्तरच्या कानाला तसाच.

“रडली का?” बाईनं विचारलं.

“रडली म्हणतात. खूप रडली.”

“मंग झालं. जा, पाह्य जाऊन.”

त्यानं पिशवी आवरली. बाटली वरच्या खिशात ठेवली, वरून हात ठेवला. दरड चढून तो मोटारसायकलपाशी गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसता तो आवाजच येत राहिला. गाडी काही हलली नाही.

मग बंद झाली.

रायवंताबाईनं मान वर केली तेव्हा मास्तर दरड उतरून येत होता. तो थेट पाण्यात शिरला.

“बाई, मी दिला नाही.”

बाईनं काठवट पोटाशी टेकवली.

“जो दिला तो अभ्रक होता. सोनं हे इथं आहे.” त्यानं बाटली पुढं केली. “तुम्ही पाठ फिरवली आणि मी चोरी केली.”

“गेला होता न घेऊन. वापस कायले आला?”

“...तिच्या जिभेवर पहिल्यांदा काहीतरी ठेवायचं आहे, बाई. ते चोरीचं कसं ठेवू?”

बाईनं बाटलीकडं पाहिलं.

“आता देतो. तुमच्या डोळ्यांसमोर देतो. मग हाकलून द्या मला.” त्यानं बूच काढलं.

“थांब.”

तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या तळहातावर पालथी केली. थेंबभर पाणी आणि त्यात तो कण. तिनं हात उन्हात धरला. कण लखलखला.

“हाच का?”

“हाच.”

मग बाईनं सूर्याकडं पाठ केली. तळहात तिच्याच सावलीत आला.

“आता पाह्य.”

मास्तर वाकला. लखलख गेली होती. हातावर माशाच्या खवल्यासारखं काहीतरी करडं चिकटलं होतं.

बाईनं कनवटीची चिंधी सोडली. त्यात तिचे दिवसभराचे चार बारीक कण होते. ते तिनं त्याच सावलीत त्याच्या शेजारी धरले. उन्हात जेवढे पिवळे, तेवढेच सावलीत.

“सोन्याले ऊन नाई लागत,” ती म्हणाली.

मास्तरला उमगायला वेळ लागला. शहाण्या माणसाला लागतोच. मग तो होता तिथंच पाण्यात बसला. बुटांत पाणी शिरलं.

“म्हणजे करंगळीवर होता तो...”

“हो.”

“तो गेला.”

“गेला.”

“म्हणजे मी दिला.”

“देल्ला न.” बाईला हसू आवरेना. ती खोकला येईपर्यंत हसली. “तीस साल पोरं शिकवले म्हणते. त्या पोराइचं काय झालं असन, बाप्पा.”

मास्तरलाही हसू आलं. हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यानं नदीचं पाणी तोंडावर मारलं, म्हणजे कोणतं पाणी कुठलं ते कळायला नको.

बाईनं तळहातावर फुंकर घातली. कपची उडाली. कुठं पडली ते दोघांनीही पाहिलं नाही.

ऊन अजून झाडांच्या वर होतं. काठाला आडवं झालेलं गवत लांबपर्यंत पसरलं होतं आणि त्यातला मूठभरच भाग आज झटकून झाला होता.

बाईनं एक झुबका उपटला. मास्तरची काठवट काठावर पालथी पडली होती, ती सरळ केली. त्यात मुळ्या झटकल्या आणि काठवट त्याच्याकडं सरकवली.

त्यानं हात लावला नाही.

“पण मी तर ठेवायला निघालो होतो, बाई. चुकून दिला गेला. जाणून नाही दिला.” त्याचा आवाज खाली गेला. “त्याला देणं म्हणतात का?”

रायवंताबाईनं वरच्या अंगाला पाहिलं, जिकडून पाणी येत होतं. गढूळ होतं अजून. एक ओंडका वळणावर अडकून हळूहळू फिरत होता...

“पूर सोनं आणते, मास्तर,” ती म्हणाली, “ते का जाणून आणते? धू.”